सापडल्याची नोंद

मेल आली तेव्हा माझ्या चिमट्यात कुणाची तरी वरची डावी दाढ होती. चिनीमातीची, अजून भट्टीत न गेलेली. फोन बाकावर थरथरला आणि मी सवयीनं डोकावले. ‘तिसऱ्या पुलाचा डबा: तुमची सापडल्याची नोंद मालकानं काढून टाकली आहे.’ खाली, अशा मेलमध्ये असतो तसा, काढलेल्या नोंदीचा मजकूर होता. ‘सुंदर सकाळ. डबा जागच्या जागी. सुतारपक्ष्याची साथ होती. धन्यवाद. – दातवाली.’ तारीख तीन वर्षांपूर्वीची, तेरा ऑक्टोबर. चिमटा कधी सैल झाला ते मला कळलं नाही. दाढ फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. ‘गेला बिचाऱ्याचा घास,’ शेजारच्या बाकावरून फुआँग म्हणाली. ती भिंगातून डोळा न काढता बोलते. ‘काय गं लॉर्ना, कोण मेलं?’ मी म्हणाले, कुणी नाही, आणि खाली बसून तुकडे वेचायला लागले. दोनच तुकडे होते, पण मी बराच वेळ वेचत राहिले.

ज्यांना हा नाद नाही त्यांना सांगायला गेलं की ते आधी हसतात. माणसं रानात, पुलाखाली, बाकड्यांच्या पाठीमागे डबे लपवतात, त्या जागेचे आकडे सगळ्या जगाला सांगतात आणि बाकीची माणसं फोन हातात धरून ते डबे शोधत हिंडतात. सापडला की आतल्या वहीत नाव घालायचं, डबा होता तिथे ठेवायचा आणि घरी येऊन अ‍ॅपवर नोंद टाकायची: सापडला. नाही सापडला तर तसं लिहायचं. एवढाच काय तो धर्म. नावंही खरी नसतात. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि टोप्या करते म्हणून मी दातवाली. तिसऱ्या पुलाचा मालक हार्लन, लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा निवृत्त मेकॅनिक, तो गंजका खिळा. वर्षानुवर्षं ओळख असलेल्या माणसाचं खरं नाव आम्हाला कळतं ते बहुधा दवाखान्यात किंवा स्मशानात. सिएटलमध्ये एवढी वर्षं राहून माझे जे काही मित्र झाले ते असे, टोपणनावांचे. मला ते बरं वाटायचं. कुणी कुणाच्या घरातलं विचारत नाही.

गेले तीन आठवडे मी नीट झोपले नव्हते. सप्टेंबरात सामन मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात, तेव्हा काही माणसं कंबरभर रबरी विजारी घालून ओढ्यातून चालत त्यांची मोजदाद करतात. तसं मोजणाऱ्या दोघांना तिसऱ्या पुलाच्या खाली, दोन वळणांवर, ढासळलेल्या काठात एक बूट दिसला. बुटात हाड होतं. पेपरात चार दिवसांनी नाव आलं: वेंडेल कॅराहर, वय चौसष्ट, तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात बेपत्ता. डोंगरकड्यावरून पडून जागीच मृत्यू आला असावा, असं पोलिसांचं म्हणणं. शेजारी फोटो. आम्ही त्याला ओला मोजा म्हणायचो. मी त्याला तीनदा भेटले असेन. मोठाल्या हातांचा, हळू बोलणारा माणूस. वहीत नावाऐवजी छोटासा मोजा काढायचा आणि त्यातून दोन थेंब गळताना दाखवायचा. सगळ्यांना डबे सापडल्याचा गर्व असतो, याच्या न सापडल्याच्या नोंदी वाचायला लोक मुद्दाम जायचे. कसा चिखलात बसला, कसा मुंग्यांच्या वारुळात हात घातला, शेवटी डब्याची कशी माफी मागून परत फिरला. खोटं एक अक्षर लिहायचा नाही. पेपर वाचून झाल्यावर मी तो घडी करून रद्दीत घातला, मग बाहेर काढला, मग पुन्हा घातला.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी मी तिसऱ्या पुलापाशी होते. आदल्या ऑक्टोबरात माझा नवरा ग्रँट घर सोडून गेला होता, आणि मी ठरवलं होतं की वर्षभर रोज एक डबा शोधायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. लोक दारू पितात, धर्माला लागतात. मी हे केलं. रोज एक तरी गोष्ट मला सापडायला हवी होती. तेरा ऑक्टोबर हा तीनशे एक्कावन्नावा दिवस होता. दोन दिवस पाऊस झाला होता, ओढा मातकट होऊन मोठ्यानं वाहत होता, आणि रानात मी एकटीच. डबा वाकलेल्या सीडारच्या मुळाखाली असायचा, लष्करी गोळ्या ठेवतात तसला पत्र्याचा, पावाच्या आकाराचा. मी हात घातला. पोकळी रिकामी होती. शेवाळात डब्याच्या आकाराचा चौकोन उमटलेला होता, स्वच्छ, आणि त्या चौकोनात एकही पान पडलेलं नव्हतं. ऑक्टोबरात, सीडार आणि मेपलच्या रानात. म्हणजे डबा नुकताच कुणीतरी उचललेला. मी तो चौकोन पाहिला. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की पाहिलाच नाही, पण डोळे मिटले की तो आजही दिसतो, कडा धारदार, तळाशी ओली काळी माती. मी चाळीस मिनिटं शोधलं. मग घड्याळ पाहिलं. दुसऱ्या डब्यापर्यंत जाऊन अंधाराआधी परत येणं सहज जमलं असतं, पण मला ताप होता, गुडघे भिजले होते, आणि मला रडायला येत होतं. खिशात पूर्वी कॅमेऱ्याचे रोल ज्यात मिळायचे तसली काळी डबी होती, आत कागदाची सुरळी. आमच्यात याला डबी टाकणं म्हणतात. खरा डबा सापडला नाही की स्वतःची डबी तिथे टाकायची, तिच्यावर सही करायची आणि ‘सापडला’ म्हणून मोकळं व्हायचं. सगळे याला नावं ठेवतात आणि बरेच जण एकदा तरी करतात. मी सुरळीवर पहिलं नाव घातलं, माझं, आणि डबी त्या चौकोनाच्या मधोमध ठेवली.

तेव्हाच तो आवाज आला. टण टण टण. मग थांबून पुन्हा टण टण टण. ओढ्याच्या घोंगाटातून, खालून कुठून तरी. आमच्याकडचे सुतारपक्षी शहाणे नाहीत, ते धुराड्याच्या पत्र्यावर, रस्त्याच्या पाट्यांवरही चोची मारत बसतात, म्हणून मी हसले. अस्वलांच्या रानात आम्ही मोठ्यानं बोलत चालतो, तशी मी ओरडले, ‘काय रे बाबा, मिळाली का न्याहारी?’ आवाज जोरात आला. मी हात हलवला, कुणाला कोण जाणे, आणि उतरायला लागले. हे सगळं मला आठवतं की मी नंतर जुळवलं, ते आता मला सांगता येत नाही. कधी वाटतं, आवाज तीन-तीनचाच होता. कधी वाटतं, तो भरभर होता, पक्ष्याचा असतो तसा, आणि तीन-तीन मी पेपर वाचल्यावर केला.

पण मंगळवारचं मला सगळं पक्कं आठवतं. सोमवारी ओल्या मोज्याच्या मुलीनं पोलिसांत कळवलं होतं. त्याची गाडी कड्याच्या पलीकडच्या बाजूला मिळाली, कारण तो सरळ वाटेनं कुठेच जायचा नाही, जुन्या रेल्वेच्या भरावावरून डोंगर ओलांडून यायचा. म्हणून शोध पलीकडेच चालला होता. आमची मंडळी मदतीला धावली. मंगळवारी संध्याकाळी सहाला मन्रो गावातल्या पायच्या, म्हणजे फळं भरून भाजलेल्या पोळ्यांच्या, दुकानात आम्ही नऊ जण जमलो, टेबलावर नकाशा, आणि थर्मास नावाची बाई, तिला कुणी नेमलं नव्हतं पण ती नेहमीच नेमलेली असते, लाल पेन घेऊन बसली. ‘त्या भागातला एकेक डबा घ्यायचा,’ ती म्हणाली. ‘तो गेला असेल तर वहीत मोजा असेल. डबा जागेवर नसेल तर तिथे काहीतरी घोटाळा. तिसरा पूल? अरे, हा तर आपल्या दातवालीनं परवाच काढलाय. जागेवर होता ना गं?’ ‘हो,’ मी म्हणाले. ‘वहीत मोजा होता का?’ ‘नव्हता,’ मी म्हणाले. आणि ते खरंच होतं, माझ्या सुरळीवर फक्त माझं नाव होतं. ‘चला, म्हणजे ही बाजू संपली,’ थर्मास म्हणाली आणि कड्याच्या अलीकडच्या सगळ्या भागावर तिनं लाल रेघ मारली. मी ब्लॅकबेरीचा पाय खाल्ला. कसा होता तो, असं कुणी विचारलं तर मी आजही सांगू शकेन: फार गोड होता आणि खालचा पापुद्रा कच्चा राहिला होता. मी तोंड उघडलं असतं तर तीनशे एक्कावन्न दिवस वाया गेले असते. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी तीन वर्षं प्रयत्न केला, मिळालं नाही.

मेलनंतर तासाभरानं हार्लनचा निरोप आला. ‘शनिवारी दहाला पुलावर ये. एकटी ये. वही माझ्याकडे आहे.’ मी तो वाचला आणि फुआँगला म्हणाले, मला बरं वाटत नाही. ‘दिसतंयच,’ ती म्हणाली. ‘दाढ तुझी पडल्यासारखं तोंड झालंय. जा घरी.’ घरी जाऊन काय करणार होते? मी पुलांवरून गाडी चालवत राहिले, बॅलार्डला आले, पुन्हा मागे गेले. कोणती वही? खऱ्या डब्यातली. म्हणजे खरा डबा मिळाला. म्हणजे त्यात मोजा आहे की नाही हे त्याला माहीत आहे. म्हणजे मला कळणार. गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि मी त्याला बाजूनं वळसा घालत होते: तेरा तारखेला सकाळी तो जिवंत होता का? पोलीस म्हणत होते जागीच गेला. मी त्या वाक्याला चिकटून होते. जागीच गेला असेल तर मी फक्त खोटारडी, आणि खोटारडेपणाची मला सवय करून घेता आली असती.

शनिवारी आभाळ खाली आलं होतं. सुल्तान गाव गेलं, रस्त्याकडेच्या कॉफीच्या टपऱ्या गेल्या, मग नुसती झाडं. फाट्यावर हार्लनची पांढरी पिकअप उभी होती. मी माझी गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली. असं मी कधी करत नाही. पायवाटेनं जाताना मला जाणवत होतं की मी कुणालाच सांगून आलेली नाही, अगदी ओल्या मोज्यासारखी. पहिला पूल, दुसरा पूल. तिसऱ्यावर हार्लन कठड्याला टेकून उभा होता, हातात जाड काठी, पायाशी त्याची म्हातारी कुत्री. पंच्याहत्तरीचा माणूस, पण खांदे अजून ट्रकच्या चाकांएवढे. ‘आलीस,’ तो म्हणाला. ‘ये अशी पुढे. इथं उभी राहा.’ त्यानं काठीनं पुलापलीकडची कड दाखवली, सीडारपासून चार पावलांवर. मी उभी राहिले. खाली वीसेक हात खोल घळ, फर्नचं रान, पाणी दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. तो माझ्या मागे होता. त्याच्या श्वासाला कॉफीचा वास येत होता. ‘इथून सुटली माती,’ तो म्हणाला. ‘डबा काढून सही करायला उजेडात आला असणार. झाडाखाली अंधार असतो ना. मीच लपवला तिथं. जागा छान आहे म्हणून.’

मी वळले. त्यानं जॅकेटच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात वही. तळहाताएवढी, पिवळ्या पुठ्ठ्याची, पावसात लिहिता येतं त्या कागदाची. ‘पेपरात वाचलं आणि मी उतरलो खाली,’ तो म्हणाला. ‘पोलिसांनी हाडं नेली, ओढ्याच्या वरच्या अंगाला पन्नास हातांवर मुळांत अडकलेला डबा कोण बघतंय? मला माझा डबा ठाऊक. दोन दिवस गेले मला तो काढायला, या गुडघ्यानं.’ ‘तुम्ही वाचलीत?’ ‘वाचली.’ ‘तेरा तारखेला…’ ‘नको विचारूस, पोरी.’ तो कुत्रीकडे पाहत होता. ‘तू वाचू नकोस. मी वाचली तेवढी पुरे.’ तो पुलावर परत गेला, मी मागोमाग. ओढ्याचा आवाज कानात भरून राहिला.

‘मला तुझा राग आहे,’ तो म्हणाला. ‘तू खरं लिहिलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी इथं असतो. वीस मिनिटांवर राहतो मी. माझ्या डब्यावर “सापडला नाही” आलं आणि मी दोन दिवसांत वर गेलो नाही असं कधी झालेलं नाही, विचार कुणालाही. पण माझाही राग आहे मला. पुढच्या एप्रिलात आलो तेव्हा बघितली तुझी काळी डबी. सुरळीवर पहिलं नाव तुझं. समजलो मी. माझा डबा कुठं गेला म्हणून शोधायला हवं होतं ना? म्हटलं जाऊ दे. लोकांना सापडतंय, लोक धन्यवाद म्हणतायत, मेल येतायत, मी घरात बसून वाचतोय. तेव्हाही तो खालीच होता.’ त्यानं काठी कठड्यावर आपटली. कुत्री दचकून उठली. ‘आता ऐक. तुझी नोंद मी काढली. डब्याचं पान बंद करतो. राहिली ही वही. त्याची मुलगी आहे, नोरीन. तिला सांगितलंय की बाप पडला आणि जागीच गेला. तीन वर्षांनी बाई जरा झोपायला लागली असेल. तिला हे द्यायचं? कशाला? तिच्यासाठी, का आपलं ओझं उतरावं म्हणून?’

खरं सांगायचं तर मला तो बरोबर वाटला. सुटले, असं वाटलं, आणि अंगातून गरम काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. ‘तूच टाक,’ तो म्हणाला. ‘म्हणजे दोघांचं होईल. उद्या तू कुठं बोलणार नाहीस, मी बोलणार नाही.’ पुलाखाली पाणी तपकिरी, फेसाळ, वेगानं चाललेलं. कागद पावसात टिकणारा होता, पण ओढ्यात टिकला नसता. मी कठड्यावरून हात बाहेर काढला. हलकी होती वही, एखाद्या पक्ष्याएवढी. हार्लन माझ्या हाताकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर असा काही आशेचा भाव होता, दाताच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसा, की मला त्याची शिसारी आली. मग कळलं की माझंही तोंड तसंच असणार. मी हात आत घेतला आणि पिशवी जॅकेटमध्ये खुपसली.

‘लॉर्ना,’ तो म्हणाला. माझं खरं नाव त्याला ठाऊक आहे हे मला तेव्हा कळलं. तो वाटेवर आडवा उभा राहिला, काठी दोन्ही हातांत. ‘दे ती इकडे.’ ‘नाही.’ ‘तू मलापण बुडवणार.’ ‘हो,’ मी म्हणाले. पूल दोन माणसांपुरता रुंद नव्हता. तो सरकला नाही, मी सरकले नाही. मी त्याच्या अंगाला अंग घासत कठड्याच्या बाजूनं पुढे झाले. एका क्षणी माझं सगळं वजन कठड्याच्या एका सडक्या लाकडावर होतं, आणि त्यानं नुसता खांदा हलवला असता तरी पुरलं असतं. त्यानं हलवला नाही. मी चालायला लागले. पळायचं नाही, असं स्वतःला बजावत होते. मागे पावलं ऐकू येतात का ते ऐकत होते, आणि ऐकू येत होता फक्त ओढा, आणि मग कुत्रीचं एक भुंकणं. दुसऱ्या पुलावरून मी मागे पाहिलं. तो पुलावर बसला होता, पाय लांब करून, शाळेतल्या मुलासारखा.

गाडीत दारं लावून घेतली आणि वही उघडली. आधीची पानं लोकांच्या सह्यांची, तारखांची, हसऱ्या चेहऱ्यांची. मग मोजा, दोन थेंबांसकट. आणि त्याच्या खाली, बारीक, सरळ ओळींत:

‘११, शुक्र. उजेडात सही करावी म्हणून पुढे आलो आणि जमीन संपली. उजवा पाय मोडलाय. डबा बरोबर आला. वही आहे, पेन्सिल आहे, म्हणजे मी अजून माणसांत आहे. १२, शनि. पाऊस. हात पाण्यापर्यंत पोचतो. नोरीन, मांजराचं औषध फ्रिजच्या वर आहे, आत नाही. आत शोधत बसशील. तू सहा वर्षांची असताना हरवलीस त्या दिवसाचं मी तुला कधी सांगितलं नाही, ते असं:’ आणि मग दीड पान, जे मी वाचलं नाही, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. नजर वळवून मी पुढच्या तारखेवर नेली. ‘१३, रवि. वर कुणीतरी आहे. बाई आहे. डब्यावर दगड मारतोय, तीन, तीन, तीन. ती ओरडली. उत्तर दिलं तिनं! ऐकू गेलं.’

पुढे पानं होती. मी वही मिटली. काचेवर वाफ धरली होती आणि बाहेरचं काही दिसत नव्हतं. तीन-तीनच होतं, मी म्हणाले, मोठ्यानं, रिकाम्या गाडीत. इतके दिवस मी देवाजवळ मागत होते की नक्की कळू दे, आणि आता कळलं होतं. वाईट इतकं वाटलं की त्याला वाईट म्हणावंसंही वाटेना. ते दीड पान हार्लननं वाचलं होतं आणि तरी माझ्या हातात देऊन म्हणाला होता, टाक. मी ते वाचलं नव्हतं, पण टाकायला हात बाहेर काढला होता. ते पत्र होतं. पत्ता नसलेलं, पण नाव घातलेलं. ओझं माझं की तिचं, हा प्रश्न तिथेच संपला. कुणाचं पत्र आपल्याकडे आलं तर ते नेऊन द्यायचं असतं.

नोरीन कॅराहर एव्हरेटला राहते, कारखान्याजवळच्या गल्लीत, निळ्या घरात. पेपरात गल्लीचं नाव होतं, घर शेजाऱ्यानं दाखवलं. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी होती आणि कानाशी तपकिरी रंगाचे ओघळ. ‘केसांना रंग लावलाय,’ ती म्हणाली, ‘वीस मिनिटं आहेत माझ्याकडे. पेपरवाल्या असाल तर तेवढीही नाहीत.’ चाळिशीची, बापासारखे मोठे हात. मी म्हणाले, मी पेपरवाली नाही, मी तुमच्या वडिलांसारखी डबे शोधणारी. ‘अच्छा, त्या येड्यांतल्या,’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडी हसली. ‘या आत. तुम्ही लोक फार राबलात तेव्हा. त्या लाल पेनवाल्या बाईंनी मला नकाशा दिला होता, मी अजून ठेवलाय.’ स्वयंपाकघरात ओट्यावर अंड्याच्या आकाराचं घड्याळ टिकटिकत होतं. मी उभ्या उभ्याच पिशवी टेबलावर ठेवली आणि ती काय आहे, कुठे मिळाली ते सांगितलं. आणखीही सांगणार होते, पण तिनं वही आधीच उघडली होती, आणि मोजा पाहून तिनं त्यावर बोट ठेवलं, पुसून जाईल असं हळूच.

ती मनात वाचत होती. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. शनिवारच्या नोंदीवर ती बराच वेळ थांबली, एकदा ‘फ्रिजच्या वर’ असं पुटपुटली आणि टोपीखालून गालावर आलेला रंग मनगटानं पुसला. मग पान उलटलं. घड्याळ वाजलं. ती उठली नाही, मीही ते बंद केलं नाही, ते आपलं आपण थांबलं. ‘म्हणजे जागीच नाही,’ ती म्हणाली. ‘नाही.’ ‘आणि ही बाई. हिनं ऐकलं.’ तिनं वर पाहिलं. ‘हिला तुम्ही ओळखता?’

‘मीच ती,’ मी म्हणाले. ‘मला वाटलं पक्षी आहे.’

मला वाटलं होतं ती मारेल, किंवा ओरडेल, किंवा दार दाखवेल. त्या प्रत्येकाची मी गाडीत तयारी केली होती. त्यातलं काही झालं नाही. केसांचा रंग तिच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. मग तिनं पायानं समोरची खुर्ची माझ्याकडे ढकलली. ‘बसा,’ ती म्हणाली. ‘पुढचं मी मोठ्यानं वाचते. एकटीनं नाही वाचणार. तुम्ही ऐका.’ मी बसले. तिचा आवाज सपाट होता, वीजबिल वाचावं तसा.

‘“१४, सोम. ती अजून कुणाला घेऊन आली नाही. आवाज कुठून येतोय ते तिला कळलं नसेल, ओढा फार बोलतोय. हरकत नाही. डबा माझ्यापाशी आहे, म्हणजे तिला तो सापडलेला नाही. ती तसं लिहील. तसं लिहिलं की गंजका खिळा बघायला येतोच, आज नाही तर उद्या. या लोकांचं एवढं एक चांगलं आहे. आता फक्त जागं राहायचं.”’

तिनं वही खाली ठेवली नाही. वहीच्या वरून माझ्याकडे पाहिलं. ‘लिहिलंत तुम्ही?’

‘मी सापडला असं लिहिलं,’ मी म्हणाले.

तिनं मान हलवली, दुकानात माल नाही म्हटल्यावर हलवतात तेवढीच. मग बोटाला थुंकी लावून पान उलटलं. पुढे मंगळवार होता.